गुप्ततेचा शब्द आणि प्रात्यक्षिकाची वही

पत्र: मी एकतीस वर्षांची असून मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. एम.ए. आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झाले आहे. आमच्या ‘समुपदेशन कक्षा’च्या पाटीवर समन्वयक म्हणून माझे नाव आहे, परंतु समुपदेशनाचे प्रशिक्षण मी घेतलेले नाही. गेल्या आठवड्यात तृतीय वर्षाच्या एका मुलीने प्रात्यक्षिकाच्या वहीत, अंतर्निरीक्षण अहवालात (प्रयोगाच्या वेळी मनात काय चालले होते ते लिहायच्या भागात), ‘प्रयोग चालू असताना सारखे वाटत होते की आपण नसतो तर बरे झाले असते’ असे लिहिले. मी तिला बाजूला घेऊन विचारले. कोणाला सांगणार नाही असा शब्द तिने आधी माझ्याकडून घेतला आणि मगच मन मोकळे केले. तेव्हापासून ती रोज रात्री मेसेज करते आणि मी फोन उशाशी ठेवून झोपते. प्राचार्यांना सांगितले तर पुढच्या वर्षी तास मिळतील का, ही भीती आहे. तिचा विश्वासघात होईल, ही त्याहून मोठी. काय करू?

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. चाळीस वह्या तपासायच्या असताना बहुतेकजण अंतर्निरीक्षण अहवालावर नुसती नजर फिरवतात, कारण त्यात सहसा ‘सुरुवातीला गोंधळ झाला, नंतर सराव झाला’ एवढेच असते. तुम्ही ते वाक्य वाचलेत, थांबलात आणि तिला विचारलेत. जे काम शिक्षकाचे होते ते तुम्ही चोख केले आहे. आता पुढचे काम एकट्याने करायचे नाही, हे मी तुम्हाला आग्रहाने सांगणार आहे.

सर्वांत आधी, आज किंवा उद्याच, तिला समोर बसवून स्पष्ट विचारा: “जीव देण्याचा विचार मनात येतो का? कसा आणि कधी, हे ठरवले आहे का?” असे विचारल्याने नसलेला विचार मनात रुजेल ही समजूत चुकीची आहे, उलट कोणीतरी न घाबरता विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटले, असे अनेक मुले सांगतात. तिने काही ठरवले असल्याचे कळले, तर तिला एकटीला घरी पाठवू नका. तिच्या विश्वासातले घरचे माणूस बोलवा आणि त्याच दिवशी तिला जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. तेवढा वेळ नाही असे वाटले तर सरळ जवळच्या रुग्णालयात. तसे नसेल, तर तिच्याजवळ बसून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली मानस’ला फोन लावा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. नुसता क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला, तर ती चिठ्ठी बहुधा पर्समध्येच राहते.

आता शब्दाविषयी. मी स्वतः सव्वीस वर्षे हा विषय शिकवला आणि नोकरीच्या चौथ्या वर्षी अगदी असाच शब्द एका मुलाला दिला होता. तो मी पूर्ण सत्रभर पाळला. तो मुलगा वाचला, परंतु रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्याच्या आईने मला विचारले, “बाई, तुम्हाला ठाऊक होतं का?” मला ‘हो’ म्हणावे लागले. म्हणून सांगते, हा शब्द परत घ्या. मात्र तिच्या पाठीमागे नव्हे, तिच्यासमोर घ्या. “मी तुला शब्द दिला तेव्हा माझी चूक झाली. तुझ्या जिवाचा प्रश्न असताना मी गप्प बसू शकत नाही. कोणाला आणि काय सांगायचे ते आपण दोघी मिळून ठरवू,” एवढे पुरे. ती रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तो राग सोसण्याजोगा आहे. प्रशिक्षित समुपदेशकसुद्धा गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगतात. तुम्ही ती उशिरा सांगत आहात, इतकेच.

तुमच्यावरचे ओझे आणखी एका कारणाने वाढले आहे. आपल्याकडे मानसशास्त्र शिकवणारा तो मन जाणणारा, अशी समजूत पक्की असते, आणि अपसामान्य मानसशास्त्राच्या, म्हणजे मनोविकारांच्या पेपरात नैराश्याचे प्रकरण सुरू झाले की तासानंतर दाराशी कोणी ना कोणी थांबतेच. परंतु एम.ए. ही विषयाची पदवी आहे, उपचाराचा परवाना नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शिवाय तिच्या अंतर्गत गुणांवर तुमचीच सही असते. जिच्या हाती आपले गुण आहेत तिच्यापुढे मूल पूर्ण मोकळे होत नाही, आणि झालेच तर पुढे त्याचे त्याला दडपण येते. तुमचे आणि तिचे नाते गुरू-शिष्येचेच राहू द्या. तेही काही कमी मोलाचे नाही.

प्राचार्यांविषयीची तुमची भीती मी हलकी लेखत नाही. दर वर्षी नव्याने मुलाखत देऊन तास मिळवणाऱ्या माणसाला ‘निर्भय व्हा’ असे सांगणे सोपे असते. म्हणून आधी विभागप्रमुखांशी बोला, मग त्यांना सोबत घेऊन प्राचार्यांकडे जा आणि लेखी अर्ज द्या. त्यात मुलीचे नाव नको. कक्षासाठी प्रशिक्षित समुपदेशक हवा, एवढीच मागणी ठेवा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. त्याचा उल्लेख केलात तर तुमची मागणी ही वैयक्तिक तक्रार वाटणार नाही, आणि अर्जाची पोचही तुमच्याजवळ राहील. मुलीचे नाव मात्र जिवाला धोका दिसेल तेव्हाच, आणि ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांनाच कळू द्या.

‘पोलीस केस होईल’ म्हणून घरचे लोक रुग्णालय टाळतात, हे तुम्हालाही माहीत असेल. त्यांना सांगा की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ही मुलगी सज्ञान आहे. परंतु तुम्ही अकरावी-बारावीचे तासही घेत असाल, तर एक लक्षात ठेवा: अठरा वर्षांखालील मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेचा शब्द देण्याचा अधिकारच आपल्याला नाही.

रात्रीच्या मेसेजविषयी तिला प्रेमाने आणि ठामपणे सांगा, की नऊनंतर तुम्ही फोन पाहणार नाही आणि त्या वेळी फार वाईट वाटले तर १४४१६ लावायचा. हे मात्र तिची दुसरी सोय लागल्यावरच करा. एक दार उघडण्याआधी दुसरे लावून घेऊ नये.

आणि ती वही. ती अजून तुमच्या कपाटात असेल, तर प्रमाणित करून इतर वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवू नका, कारण वार्षिक प्रात्यक्षिकाला बहिःस्थ परीक्षक ती उघडतील आणि ते वाक्य एक परका माणूस वाचेल. वही तिच्या हाती द्या. तो अहवाल तिने नव्या पानावर, प्रयोगापुरताच लिहावा. जुने पान तिचे आहे. डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्यायचे का, हे तिला विचारा. जे तोंडाने सांगायला तिला जड जाईल, ते तिथे तिच्याच अक्षरात लिहिलेले आहे.