१३ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली टेंगूळ आलंय, दुखतंय. ठाण्यात जिल्हा निवड चाचणी तोंडावर आहे, खो-खो बंद करू का?

पूर्ण बंद करायची बहुधा गरज नाही, पण सूर मारणं, उड्या आणि वेगात धावणं काही आठवडे कमी करा. मी फिजिओथेरपिस्ट आहे. या वयात हे बहुतेकदा ऑसगुड-श्लॅटर असतं: उंची झपाट्याने वाढते, मांडीचे स्नायू ताणलेले राहतात आणि नडगीच्या हाडाचा वरचा, अजून कोवळा भाग ओढला जातो. सूर मारताना नेमका तोच भाग आपटतो, म्हणून नी-पॅड हवाच. सरावानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, आणि मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचं रोज स्ट्रेचिंग. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर सराव जास्त झाला समजा. आठवडाभर सराव आणि रविवारी पुन्हा घोडबंदरच्या टर्फवर फुटबॉल, हे आधी थांबवा (मुलं हे 'सराव' म्हणून मोजतच नाहीत!). वेदनाशामक देऊन चाचणीला उतरवू नका. मात्र रात्री झोपमोड होणारं दुखणं, ताप, लंगडणं, किंवा पडल्यावर पाय अचानक सरळ न होणं यांपैकी काहीही असेल तर खेळ लगेच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.