ऑस्ट्रेलियात केर्न्सला एकच दिवस हाताशी आहे आणि पोहणं जेमतेम येतं. ग्रेट बॅरियर रीफवर स्नॉर्केलिंग करावं की स्कूबा?

एकच दिवस असेल तर मी बिनधास्त स्नॉर्केलिंग सांगेन, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं; स्कूबात पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल जायचं असतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे दहा मीटर खाली लाल प्रवाळही करडं-निळं दिसतं. वरच्या दोन-तीन मीटरांत ऊन थेट पोहोचतं, रंगांची खरी उधळण तिथेच. पॅरटफिश चोचीने प्रवाळ खरवडतो तो करकर आवाजसुद्धा पाण्यात डोकं घातलं की ऐकू येतो!

पोहणं जेमतेम आहे तर तरंगणारं जॅकेट मागून घ्या, लाजू नका. मास्कखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी शिरतं, तेवढं बघा. नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा हंगाम, तेव्हा अंगभर लायक्रा सूट हवाच.

स्कूबाचा मोह झालाच तर प्रशिक्षकासोबतची इंट्रो डाइव्ह सर्टिफिकेट नसतानाही करता येते. फॉर्मवर दमा, हृदयविकार, चालू औषधं अजिबात लपवू नका. सर्दी असेल तर उतरूच नका, कानावरचा दाब सुटत नाही. एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि जास्त डाइव्ह झाल्या तर 18 तास विमानप्रवास टाळायचा, त्या हिशेबाने तिकीट काढा.

बोट बाहेरच्या रीफपर्यंत जाणारीच निवडा. दीड-दोन तास लागतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधीच घ्या. आणि कृपा करून प्रवाळावर उभे राहू नका. ते जिवंत आहे, आणि 2016पासून वारंवार झालेल्या ब्लीचिंगने (पाणी तापून प्रवाळ पांढरं पडणं) आधीच खूप सोसलंय त्याने.