‘संकुचित अदलाबदल जागा’ हा शब्दप्रयोग का खटकतो?

लिनक्स या संगणकप्रणालीच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘कंप्रेस्ड स्वॅप स्पेस’ या संज्ञेसाठी ‘संकुचित अदलाबदल जागा’ हा शब्दप्रयोग चालेल का, आणि चालत नसेल तर ‘संपीडित’ हा शब्द वापरावा का; कारण ‘संपीडित’मध्ये ‘पीडा’ ऐकू येते, अशी त्यांची अडचण आहे. रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामाची स्मृती, अपुरी पडली की तिच्यातली पडून असलेली ‘पाने’, म्हणजे ठराविक आकाराचे तुकडे, ज्या जागेत हलवतात ती स्वॅप-जागा; ती पाने दाबून लहान करून ठेवणे ही ‘कंप्रेस्ड’ योजना.

‘संकुचित’ हा शब्द येथे टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘संकोच’ पावणारी वस्तू स्वतःहून आक्रसते. थंडीने धातूचा संकोच होतो, लाजाळूची पाने संकोच पावतात. त्यात बाहेरून कोणी दाब दिलेला नसतो. शिवाय ‘संकुचित जागा’ असे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अरुंद, अपुरी जागा उभी राहते. मूळ योजनेचा हेतू नेमका उलटा आहे, कारण आहे त्या रॅममध्ये अधिक मजकूर मावावा यासाठीच हा सगळा खटाटोप केला जातो. ‘संक्षेप’ हा शब्दही चालणार नाही. संक्षेपात काही गाळले जाते आणि गाळलेले परत मिळत नाही. येथे तर 4096 बाइटचे पान परत मागितल्यावर एकही बाइट इकडचा तिकडे न होता मिळावे लागते, अन्यथा चालू असलेला प्रोग्रॅम कोसळेल.

‘संपीडित’ मात्र निःशंकपणे वापरावा. संस्कृतमधील ‘पीड्’ या धातूचा मूळ अर्थ दाबणे, आवळणे असाच आहे, आणि दुःख देणे हा त्यावरून निघालेला पुढचा अर्थ आहे. विवाहाला संस्कृतात ‘पाणिपीडन’ म्हणतात ते हात हातात घट्ट धरण्यामुळे. त्यात कोणाला पीडा अभिप्रेत नाही. आपले रोजचे ‘पिळणे’ हे क्रियापदही याच धातूच्या कुळातले आहे. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांतून ‘संपीडन’ आणि ‘असंपीड्य’ हे शब्द रुळलेले आहेत, म्हणून संगणकासाठी वेगळा शब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही.

माझी खरी हरकत विशेषणाच्या निवडीपेक्षा त्याच्या जागेवर आहे. इंग्रजीत तीन शब्द शेजारीशेजारी ठेवून काम भागते आणि कोणते विशेषण कोणाचे, हे जाणकाराने समजून घ्यायचे असते. मराठीत ‘संपीडित जागा’ असे लिहिले की जागाच दाबली गेली, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात जागा दाबली जात नाही, तिच्यात ठेवायची पाने दाबली जातात. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे लिनक्समधील दोन व्यवस्था पाहिल्यास ध्यानात येईल.

पहिली व्यवस्था झेडरॅम. नितीन गुप्ता यांनी ‘कॉम्पकॅश’ या नावाने तिची सुरुवात केली. पुढे तिचे नाव ‘रॅमझस्वॅप’ आणि मग ‘झेडरॅम’ असे झाले आणि 2014 मध्ये, 3.14 या आवृत्तीत, ती प्रायोगिक विभागातून बाहेर येऊन मुख्य प्रवाहात दाखल झाली. यात रॅमचाच एक भाग डिस्क असल्यासारखा भासवला जातो आणि बराच काळ हात न लागलेली पाने संपीडित होऊन तेथे जातात. खरी डिस्क मधे येत नाही, म्हणूनच मोबाइल फोनसारख्या उपकरणांत ही सोय फार उपयोगी पडली. दुसरी व्यवस्था झेडस्वॅप, जी 2013 मध्ये 3.11 या आवृत्तीत आली. ती डिस्कवरच्या स्वॅपच्या वाटेवर उभी राहते: बाहेर निघालेले पान अडवून, संपीडित करून रॅममधल्या साठ्यात ठेवते, आणि हा साठा ठरलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे वेगळे काही सांगितले नसल्यास रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत, भरला की जुनी पाने पुढे डिस्कवर पाठवते. पाठवण्याआधी ती पाने पूर्ववत केली जातात. म्हणजे झेडस्वॅप वापरताना डिस्कवरच्या स्वॅप-जागेत जी पाने असतात ती संपीडित नसतातच. संपीडित पाने असतात ती रॅममधल्या साठ्यात. अशा ठिकाणी ‘संपीडित स्वॅप-जागा’ असे लिहिल्यास अनुवाद नुसता अवघड होत नाही, चुकीचा होतो.

याला आणखी एक पदर आहे. झेडरॅममध्ये गेलेले प्रत्येक पान संपीडित होतेच असे नाही. आधीच दाबलेल्या छायाचित्राचा मजकूर पुन्हा दाबून फारसा कमी होत नाही, आणि अशी असंपीड्य पाने आहेत तशीच ठेवली जातात. उलट शून्यांनीच भरलेले पान ठेवावेही लागत नाही, ते शून्यांचे आहे एवढी नोंद पुरते. हे अपवाद लक्षात ठेवूनही, दाबली जातात ती पाने हे स्पष्ट व्हावे म्हणून मी ‘संपीडित पानांची स्वॅप-जागा’ हा शब्दप्रयोग झेडरॅमसाठी आणि ‘संपीडित पानांचा साठा’ हा झेडस्वॅपसाठी सुचवेन. दोन्हींना मिळून एकच नाव हवे असेल तर ‘स्वॅपसाठी पानांचे संपीडन’ असे क्रियेचे नाव द्यावे, म्हणजे ठिकाणाविषयी चुकीचे विधान होणार नाही.

‘अदलाबदल’ या शब्दाविषयीही लिहिले पाहिजे. 1960 च्या दशकातल्या कालविभागणीच्या, म्हणजे अनेकांना आळीपाळीने वेळ वाटून देणाऱ्या, यंत्रांवर एक संपूर्ण प्रोग्रॅम स्मृतीतून बाहेर जाई आणि त्याच्या जागी दुसरा आत येई. ती खरीखुरी अदलाबदल होती. आज लिनक्स सुटी पाने हलवतो आणि एक पान बाहेर गेले म्हणून दुसरे तत्काळ आत येईल असे बंधन नसते. मराठीत अदलाबदल म्हटले की दोन बाजू आणि देवघेव दोन्ही आलेच. त्यामुळे ‘स्वॅप’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा आणि क्रिया सांगताना ‘पान स्वॅपमध्ये पाठवणे’ व ‘पान परत आणणे’ असे साधे मराठी लिहावे. ‘शीत पाने’ असाही एक प्रयोग मी पाहिला आहे. त्यापेक्षा ‘पडून असलेली पाने’ म्हटले की कोणालाही कळते.

समजावून सांगताना मी स्वतः घडीचा दाखला देतो. नऊवारी लुगडे घडी घालून ठेवले तर कमी जागेत राहते आणि घडी मोडली की वीतभरही कमी झालेले नसते. संपीडनाचे आणि पूर्ववत करण्याचे नाते इतके नेमके सांगणारा दुसरा शब्द मला मराठीत सापडलेला नाही. घडी घालायला आणि मोडायला वेळ लागतो, हेही त्यात आपोआप येते, कारण प्रोसेसरचा वेळ खर्चूनच येथे जागा वाचवलेली असते. तरीही ‘घडी’ हा पारिभाषिक शब्द करू नये, तो विवेचनातच ठेवावा; ‘घडीव’ असे विशेषण केले की अर्थ भलतीकडेच जातो.

‘कर्नल’ या शब्दाबाबत थोडक्यात सांगतो: मराठी वाचकाला तो लष्करातला हुद्दा वाटतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल’ असे लिहून पुढे ‘गाभा’ वापरावा.

आपल्या अनुवादातील मापांच्या वाक्यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. झेडरॅमच्या जागेचा आकार ठरवताना जो आकडा देतात तो संपीडनापूर्वीच्या मजकुराचा असतो. ‘4 जीबीची संपीडित जागा’ असे लिहिल्यास रॅममधले 4 जीबी अडकले, असे वाचक समजेल. तेथे ‘संपीडनापूर्वी 4 जीबी भरतील इतकी पाने सामावणारी स्वॅप-जागा’ असे लांबलेले वाक्यच बरोबर आहे.