समरमध्ये ऑनलाइन जॉमेट्री? आधी सही, मग फी

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत नववीत आहे, अल्जेब्रा १ यंदा संपेल. समरमध्ये ऑनलाइन जॉमेट्री करून क्रेडिट घेतलं तर कॉलेजच्या अर्जात फायदा होतो का? कोणती ऑनलाइन शाळा चांगली?

ऑनलाइन शाळा देते ते मार्क. त्याचं क्रेडिट धरायचं की नाही, हे तुमच्या मुलाचं हायस्कूल ठरवतं. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांना हे मी तीन वर्षं सांगतेय आणि ते तीन वर्षं एकच वाक्य ऐकवतायत, "अहो, पण शाळा अ‍ॅक्रेडिटेड होती!" म्हणून हे लांबलचक उत्तर.

त्यांचा मुलगा अगदी तुमच्या मुलाच्या जागी होता. वडिलांनी हिशेब मांडला: दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जेब्रा २, बारावीत प्रीकॅल्क्युलस, म्हणजे एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) हुकणार. इंजिनिअरिंगला अर्ज करायचा तर ते खटकतंच, त्यामुळे हिशेब बरोबर होता. जूनच्या शेवटी त्यांनी कॉग्निया या शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेली एक ऑनलाइन शाळा शोधली, फी भरली, पोराने सहा आठवड्यांच्या आत कोर्स उरकला. ९६ टक्के. मंडळात पेढे वाटून झाले आणि सप्टेंबरच्या वेळापत्रकात पुन्हा जॉमेट्री!

पहिली चूक अर्थात परवानगीची. न्यू जर्सीत बाहेर केलेल्या अभ्यासाचं क्रेडिट 'ऑप्शन टू' या नियमाखाली मिळतं. नियम राज्याचा, पण अंमल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे तुमच्या गावच्या शाळा चालवणाऱ्या मंडळाचा. गाइडन्स ऑफिसमधून फॉर्म घ्यायचा, त्याला कोर्सचा सिलॅबस आणि शाळेच्या मान्यतेचा पुरावा जोडायचा, गणिताच्या सुपरवायझरची आणि प्रिन्सिपलची सही घ्यायची. हे सगळं कोर्स सुरू होण्याआधी. फॉर्मची मुदत बहुतेक ठिकाणी वसंतातच संपते. जूनच्या शेवटी ऑफिसात सही करायला कुणी नसतं.

दुसरी चूक जास्त महाग पडली. घेतलेला कोर्स होता 'क्रेडिट रिकव्हरी'चा. हे कोर्स नापास झालेल्या मुलांसाठी बनवलेले असतात. आधी प्री-टेस्ट, त्यात पास झालात की अख्खं युनिट वगळायची मुभा, क्विझ हव्या तितक्या वेळा द्या, शेवटची परीक्षा घरी बसून, वर लक्ष ठेवायला कुणी नाही. पहिल्यांदाच विषय शिकणाऱ्याला 'ओरिजिनल क्रेडिट'चा कोर्स लागतो. सिलॅबसमध्ये हा शब्द शोधा, नसेल तर ईमेल करून लेखी विचारा. तासांचाही हिशेब करा. वर्षभराच्या विषयाला १२० तास हे इथलं जुनं माप आहे. सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे रोज चार तास. तुमचा मुलगा रोज तासाभरात उठत असेल, तर तो हुशार आहे म्हणून नव्हे, कोर्स पातळ आहे म्हणून.

तिसरी ठेच ऑगस्टअखेर लागली. शाळेने मेहरबानी म्हणून आपली वर्षअखेरची परीक्षा द्यायची संधी दिली. हवे होते ८०, पडले ७१. ऑनलाइन कोर्समध्ये सगळं पर्याय निवडा छापाचं, आणि शाळेच्या पेपरात सिद्धता लिहायच्या. दोन त्रिकोण एकरूप का, हे पायरीपायरीने कारण देऊन मांडायला त्याला कुणी लावलंच नव्हतं. म्हणून सुपरवायझरकडून मे महिन्यातच विचारून ठेवा: तुमची परीक्षा द्यावी लागेल का, किती मार्क लागतील, पाठ्यपुस्तक कोणतं. ते पुस्तक आणा आणि सिद्धता कागदावर लिहून घ्या.

राहिलं ते 'अ‍ॅक्रेडिटेड', म्हणजे मान्यताप्राप्त. कॉग्निया काय, मिडल स्टेट्स काय, ती मान्यता संस्थेला असते. त्यामुळे बनावट डिप्लोमा विकणारी दुकानं गाळली जातात, एवढाच तिचा उपयोग. रेशनकार्ड खरं असलं म्हणून परगावच्या दुकानात साखर मिळत नसे, तसंच हे. कॅलिफोर्नियात असाल, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या ए-जी यादीत (प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या हायस्कूल कोर्सची यादी) शाळेसोबत तो नेमका कोर्सही असायला हवा. मुलगी टेनिस किंवा फेन्सिंगमध्ये कॉलेजच्या टीममध्ये जाण्याइतकी पुढे असेल, तर एनसीएएची (कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) यादी वेगळी. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला, डिव्हिजन १ ला, १६ कोअर (मुख्य विषयांचे) कोर्स लागतात, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी, आणि शिक्षकाशी नियमित संपर्क नसलेला ऑनलाइन कोर्स ते धरत नाहीत.

अर्जात फायदा होतो का, हा तुमचा खरा प्रश्न. नुसत्या जास्तीच्या क्रेडिटचा होत नाही. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला १२० क्रेडिट लागतात, वर्षभराचा विषय ५ चा. १३५ केलीत म्हणून अ‍ॅडमिशन ऑफिसात कुणी टाळ्या वाजवत नाही. फायदा होतो तो मोकळ्या झालेल्या तासाचा. माझ्या मते समरला सगळ्यात शहाणपणाचा ऑनलाइन कोर्स म्हणजे फायनान्शियल लिटरसी. राज्याने सक्तीची केलेली २.५ क्रेडिट आहेत, विषय सोपा, आणि अर्ध्या वर्षाचा एक तास सुटतो. बायॉलॉजी-केमिस्ट्री ऑनलाइन करू नका. घरी व्हिनेगर आणि सोडा फसफसवला म्हणजे लॅब झाली असं कुठलीही चांगली शाळा मानत नाही.

एपी ऑनलाइन करणार असाल, तर एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या एपी कोर्स लेजरमध्ये (मंजूर एपी कोर्सची यादी) त्या शाळेचं नाव आणि तो विषय पाहून घ्या. तिथे नसेल तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, 'एपी' लिहिता येत नाही. मेमधल्या परीक्षेची जागाही तुम्हीच शोधायची. ज्या हायस्कूलमध्ये बसणार तिथल्या एपी कोऑर्डिनेटरला सप्टेंबरातच गाठा, परीक्षांची ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यात जाते.

कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्सही लोक सर्रास सुचवतात. तो घ्या, पण एक लक्षात ठेवा: त्यातला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा बसतो. पुढे मेडिकलला अर्ज करताना हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्ससुद्धा दाखवावे लागतात. पंधराव्या वर्षीचा 'सी' तेविसाव्या वर्षी समोर येतो.

ट्रान्सक्रिप्टबद्दल दोनच गोष्टी. क्रेडिट मंजूर झालं तरी बरेच डिस्ट्रिक्ट ते नुसतं 'पास' म्हणून नोंदवतात आणि जीपीएत (सगळ्या ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत, तेव्हा ९६ टक्क्यांनी जीपीए वाढेल ही आशा सोडा. शाळेने आपल्या ट्रान्सक्रिप्टवर चढवलंच नाही, तर कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा सामायिक ऑनलाइन अर्ज) ती ऑनलाइन शाळा नोंदवून ट्रान्सक्रिप्ट तिच्याकडून थेट कॉलेजला जायला हवी, पार्चमेंटसारख्या ट्रान्सक्रिप्ट पाठवणाऱ्या सेवेवरून वगैरे. घरी उतरवलेली पीडीएफ अधिकृत धरत नाहीत.

कोणती शाळा? तुमच्या काउन्सेलरकडे आधी मंजूर झालेल्यांची यादी असते, त्यातली. बीवाययू इंडिपेंडंट स्टडीचं नाव अशा याद्यांत दिसतं, पण तुमच्या यादीत नसेल तर माझं नाव सांगून उपयोग नाही. (मुलगा मराठी शाळेत जात असेल, तर काही डिस्ट्रिक्ट बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळेतल्या मराठीला जागतिक भाषेचं क्रेडिट देतात. त्याच फेरीत तेही विचारून या.)

आता हे सगळं डिस्ट्रिक्टगणिक बदलतं. तुमच्याकडे ऑप्शन टू सरळ नाकारतीलही. तसं झालं तरी रस्ता बंद होत नाही: दहावीत जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ एकाच वर्षी, दोन्ही शाळेतच. जॉमेट्रीशिवाय अल्जेब्रा २ अडत नाही. फी शून्य, ग्रेड जीपीएत, कुणापुढे कागद नाचवायला नकोत. फक्त एक इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, सोडावा लागतो. त्या गृहस्थांना हे मी मे महिन्यातच सुचवलं होतं, तर म्हणाले, "पोरावर लोड येईल." सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोराने स्वतःच काउन्सेलरकडे जाऊन दोन्ही वर्ग घेतले, सिरॅमिक्स सोडलं. यंदा तो बारावीत आहे आणि एपी कॅल्क्युलसच्या वर्गात बसतो. वडील अजून त्या ऑनलाइन शाळेकडे रिफंड मागतायत.