'सातव्या मुलीची सातवी मुलगी' मालिकेतल्या नेत्रा आणि अद्वैतच्या जोडीत नवरा-बायकोच्या भूमिका उलट्या आहेत का?

हो, आणि मला तर तेच सगळ्यात जास्त आवडलं. मालिका २०२२ ला झी मराठीवर सुरू झाली, नेत्राला पुढे काय होणार ते आधीच दिसतं आणि अद्वैत शिकलेला, पैसेवाल्या घरातला, देव न मानणारा. म्हणजे नेहमी हिरो धावत येतो आणि हिरॉइन संकटात असते ना, ते इथे उलटं, संकट नवऱ्यावर येणार आणि वाचवणार बायको. वर घरातलीच रूपाली म्हणजे विरोचक, मालिकेतली दुष्ट शक्ती, म्हणजे लढाई पण दोन बायकांचीच.

आमच्या गोव्यात हे जास्तच जाणवतं. देवळात कौल लावतात, म्हणजे देवाला प्रश्न विचारून उत्तर मागतात, तेव्हा देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, मग गाऱ्हाणं घालायचं आणि कुठली पाकळी पडते ते सगळे श्वास रोखून बघत बसायचं. देवी बाई, पण तिला विचारणारे पुजारी, महाजन (देवळाचे मानकरी) बहुतेक पुरुषच, बायका मागे उभ्या. नेत्राला मध्ये कोणी लागतच नाही, संकेत थेट तिलाच मिळतो!

पण पूर्ण उलटं नाही हां. घर राजाध्यक्षांचं, म्हणजे अद्वैतच्या घरच्यांचं, पैसा त्यांचा, सून म्हणून सगळ्यांचं ऐकून घ्यायचं ते पण तिनेच, एवढी शक्ती असून. माझी आई फोंड्याला मालिका बघताना इथेच चिडायची, म्हणायची आधी त्याला विश्वास ठेवायला सांगा. मला आईचं पटतं, अद्वैतने तिचं आधी ऐकलं असतं तर अर्धे एपिसोड लागलेच नसते.