उघड्यावरची थिनरची पिंपे आणि स्टोअरकीपरची सही

स. न. वि. वि.

आपले पत्र मी दोनदा वाचले. सातारा जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत, फर्निचर रंगवण्याच्या कारखान्यात आपण सात वर्षे स्टोअरकीपर आहात आणि तेथे 34 कामगार काम करतात. आतल्या गोदामात जागा पुरेनाशी झाली म्हणून थिनरची 200 लिटरची 11 पिंपे आणि टर्पेन्टाइनचे एक पिंप मार्चपासून मागच्या कुंपणभिंतीला टेकवून, ताडपत्रीखाली ठेवण्यात आले आहे आणि तेथून चार-पाच पावलांवर जनरेटर आहे. आपण हरकत घेतली तेव्हा मालकांनी सांगितले की माल उघड्यावर असल्यामुळे गोदामाचे नियम लागत नाहीत, आणि 2,500 लिटरपर्यंत परवानाही लागत नाही. शिवाय ‘सदर ज्वालाग्राही माल माझ्या ताब्यात असून त्याच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी माझी राहील’ असे एक पत्र आपल्यापुढे सहीसाठी ठेवले. सही करावी का, आणि न केल्यास काय, हा आपला प्रश्न आहे.

त्या मजकुराखाली सही करू नका. कारणे पुढे देतो. पण दोन-तीन दिवसांत उत्तर द्यायचे आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून हे आधी सांगितले.

प्रथम 2,500 लिटरचे पाहू, कारण ही समजूत मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की मालकांनी ती मुद्दाम रचली असे मी म्हणणार नाही. पेट्रोलियम अधिनियम 1934 मध्ये हा आकडा खरोखरच आहे; मात्र कलम 7 मधील ती सूट ‘ब’ वर्गातील पेट्रोलियमपुरती आहे आणि तीही एकेक भांडे 1,000 लिटरपेक्षा मोठे नसेल तरच. ज्याचा फ्लॅश पॉइंट 23 अंश सेल्सियसच्या खाली आहे तो माल ‘अ’ वर्गात जातो. 23 ते 65 अंशांच्या दरम्यानचा ‘ब’ वर्गात, आणि 65 ते 93 च्या दरम्यानचा ‘क’ वर्गात. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर जमलेली वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते ते सर्वांत कमी तापमान. थिनरमध्ये सर्रास असणाऱ्या टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे 4 अंश आहे, म्हणजे साताऱ्याच्या थंडीतल्या पहाटेही तो माल पेट घ्यायला तयार असतो. ‘अ’ वर्गाला विनापरवाना सूट कलम 8 मध्ये आहे आणि ती विक्रीसाठी नसलेल्या केवळ 30 लिटरची आहे. आपल्या अंगणात 2,200 लिटर थिनर आहे.

थिनर म्हणजे पेट्रोल नव्हे, मग पेट्रोलियमचा कायदा त्याला कसा लागेल, अशी शंका मालक काढतील. त्या कायद्यातील व्याख्येत कोणताही द्रव हायड्रोकार्बन, हायड्रोकार्बनांचे मिश्रण, आणि द्रव हायड्रोकार्बन असलेले कोणतेही ज्वालाग्राही मिश्रण येते. टोल्यूइन किंवा झायलीन घातलेले थिनर या व्याख्येतून सुटत नाही. आपण एवढेच करा की पुरवठादाराकडून त्या थिनरचे सुरक्षा माहिती पत्रक मागवा आणि त्यातील नवव्या भागात फ्लॅश पॉइंट किती लिहिला आहे ते पाहा. तो 23 च्या खाली असेल, तर 2,500 लिटरचा मुद्दा तिथेच संपतो. टर्पेन्टाइनच्या नावाने रंगाच्या दुकानात मिळणारा माल बहुधा ‘ब’ वर्गातला असतो. त्या एका पिंपापुरते मालकांचे म्हणणे बरोबर ठरेल.

आता उघड्यावरचा मुद्दा. कायदा माल कोणत्या वर्गाचा आणि एका जागी किती, हे विचारतो. डोक्यावर छप्पर आहे का, यावर परवान्याची गरज ठरत नाही. त्यामुळे पिंपे आतून बाहेर काढली म्हणून परवाना टळला असे होत नाही. ‘अ’ वर्गाच्या एवढ्या साठ्यासाठी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचा, म्हणजे पेसोचा, परवाना हवा. या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यासाठी जागेचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो आणि जिल्हा प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पोलीस आयुक्तालय नसलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी हा प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. साठा कमी ठेवून, म्हणजे पुरवठादाराकडून गरजेपुरता माल वारंवार मागवून, हा सगळा व्याप हलका करता येतो, आणि लहान कारखान्यांना मी बहुतेक वेळा तेच सुचवतो.

येथे मालकांच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्वालाग्राही द्रव कामाच्या इमारतीबाहेर, मोकळ्या हवेत ठेवणे ही मुळात चांगली पद्धत आहे. आतल्या बंद गोदामात वाफ साचते, बाहेर ती वाऱ्याने विरते, आणि आग लागलीच तर माणसे व माल यांच्यात अंतर राहते. पिंपे बाहेर काढण्याचा निर्णय चुकीचा नाही. ती जिथे आणि जशी ठेवली आहेत ते चुकीचे आहे. आपण पत्रात हा फरक केला तर मालकांनाही तो मान्य करणे सोपे जाईल.

सहीकडे वळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 मध्ये, आग किंवा ज्वलनशील पदार्थ यांच्याबाबत माणसाच्या जिवाला धोका होईल असे बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य करणारा जसा दोषी आहे, तसाच आपल्या ताब्यातील अशा पदार्थापासून संभवणाऱ्या धोक्याविरुद्ध पुरेशी तजवीज न करणाराही दोषी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढी ती शिक्षा आहे; परंतु कोणाचा मृत्यू झाला तर कलम 106 लागू होते आणि कैदेची मर्यादा पाच वर्षांपर्यंत जाते. आता आपल्यापुढच्या पत्रातील ‘माझ्या ताब्यात’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. तजवीज करण्याचा अधिकार आपल्याला नाही, भिंत बांधायचा खर्च आपण मंजूर करू शकत नाही, जनरेटर हलवायला सांगू शकत नाही. आणि तरीही ताबा आपला असल्याची कबुली मात्र आपल्या सहीने नोंदली जाणार आहे. घटना घडल्यावर तपास अधिकारी सर्वप्रथम हाच कागद दप्तराला लावील.

दुसऱ्या बाजूने, अशा पत्राने मालकांची जबाबदारी मिटते का? मिटत नाही. कायद्याने ही जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर येते; भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असणारी व्यक्ती. भागीदारीत ती भागीदारांपैकी एक आणि कंपनीत संचालकांपैकी एक असते. जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले की कंपनीने एखाद्या नोकरदाराला भोगवटादार म्हणून पुढे करून संचालकांना बाजूला होता येणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियम 1948 ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 2020 ने घेतली आहे. तेथेही कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावरच आहे, आणि ते मोडल्यामुळे कोणी दगावले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. म्हणजे त्या पत्राने मालक सुटणार नाहीत, फक्त आपण त्यांच्याबरोबर अडकाल. हे त्यांना शांतपणे समजावून सांगण्यासारखे आहे.

नकार तोंडी देऊ नका. त्याऐवजी आपणच एक पत्र द्या. त्यात पिंपांची संख्या, मालाचे नाव, माहिती पत्रकातील फ्लॅश पॉइंट, ती कोणत्या तारखेपासून कोठे आहेत, जनरेटरचे मोजलेले अंतर आणि भिंतीपलीकडे काय आहे, एवढे तथ्य लिहा. स्टोअरकीपर म्हणून आवक-जावक नोंदवही, मोजणी आणि कुलूप सांभाळण्याचे काम मी करतो व करीन, मात्र साठवणुकीची जागा, बांधकाम, परवाना आणि अग्निशमन व्यवस्था यांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार मला नाही, हे वाक्य त्यात अवश्य असू द्या. पोच घ्या. पोच मिळाली नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पाठवा. जागेची, तारीख दिसेल अशी छायाचित्रे स्वतःजवळ ठेवा. धोका कळवणे हे 2020 च्या संहितेनुसार कामगाराचे कर्तव्यही आहे, तेव्हा अशा पत्राला कोणी आगळीक म्हणू शकत नाही.

परवान्याचे काम महिनोन् महिने चालते, पिंपे मात्र आज तिथे आहेत. म्हणून अंगणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत उतार, गटार आणि खड्डे धरते, आणि जिथे ठिणगी भेटेल तिथून आग उलट पिंपापर्यंत येते. जनरेटरचा तापलेला धुराडा, त्याच्या बॅटरीची जोडणी आणि स्टार्टर अशा वाफेच्या वाटेवर असता कामा नये. एकतर जनरेटर दूर न्यावा किंवा पिंपे. ताडपत्री चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडली की आपण मोकळ्या हवेचा एकमेव फायदा स्वतःच्या हाताने घालवतो. उन्हासाठी वर हलके पत्र्याचे छप्पर, बाजू पूर्ण उघड्या, खाली सिमेंटचा कोबा आणि भोवती सर्वांत मोठ्या पिंपातला माल सांडला तरी आत राहील असा बुटका कठडा, असे असावे. कठड्याच्या आतले पाणी गटारात सोडणारी झडप एरवी बंद असावी. वाळलेले गवत आणि रद्दी खोकी तिथून काढा.

पिंपांचीही एक बारीक गोष्ट आहे. उभ्या पिंपाच्या वरच्या कडेत पावसाचे पाणी साचते. दिवसा तापलेले पिंप रात्री निवले की आतली हवा आकसते आणि सैल बुचातून ते पाणी आत ओढले जाते. पावसाळ्याआधी प्रत्येक बुचाचा वायसर पाहून घ्या. झाकण फुगलेले दिसले तर ते पिंप बाजूला काढून तसे नोंदवहीत लिहा.

माल काढताना आगीचा धोका मोठा असतो. आपल्याकडे नळी तोंडाने ओढून प्लॅस्टिकच्या बादलीत थिनर काढतात असे आपण लिहिले आहे. हे आजपासून बंद व्हावे यासाठी आपण भांडलात तरी चालेल. वाहत्या थिनरमुळे स्थिर वीज साचते, प्लॅस्टिकमधून ती जमिनीत जात नाही, आणि एक बारीक ठिणगी पुरते. धातूचे भांडे, हात सोडताच आपोआप बंद होणारा नळ, पिंप व भांडे जोडणारी चिमट्याची तार आणि पिंपाला अर्थिंग यांचा खर्च एका पिंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

आपल्या पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे की रिकामी पिंपे गॅस कटरने कापून पाण्यासाठी वापरतात. सगळ्या पत्रात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे वाक्य हेच वाटले. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप जास्त धोक्याचे असते, कारण तळाशी उरलेल्या वाटीभर थिनरची वाफ आतल्या हवेत मिसळून स्फोटक प्रमाणात असते आणि कटरची ज्योत लागताच झाकण उडते. मी चालवलेल्या एका भरपाईच्या प्रकरणात पिंप कापणारा मुलगा 22 वर्षांचा होता आणि ‘पिंप रिकामेच होते’ हेच वाक्य प्रत्येक साक्षीदाराने सांगितले. ज्वालाग्राही पदार्थ व त्याची वाफ पूर्णपणे काढल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय अशा भांड्यावर वेल्डिंग किंवा कटिंग करू नये, असे बंधन 1948 च्या कायद्याच्या कलम 37 मध्ये होते, आणि कायदा बदलला म्हणून त्या पिंपातली वाफ बदललेली नाही. रिकामी पिंपे बुचे घट्ट लावून, भरलेल्यांपासून वेगळी ठेवावीत आणि पुरवठादाराला परत करावीत. ती कापायला स्टोअरमधून देऊ नका, आणि आपण दिली नाहीत अशी नोंद ठेवा.

पत्र देऊनही पंधरा दिवसांत काही हलले नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या विभागातील कार्यालयात लेखी कळवा. साठ्याबाबत पेसोला आणि अग्निसुरक्षेबाबत औद्योगिक विकास महामंडळाच्या अग्निशमन विभागाला प्रत द्या. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 खाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यावे लागते. आपल्या कारखान्याचे शेवटचे प्रमाणपत्र कधीचे आहे, हे मालकांना दिलेल्या पत्रातच विचारून ठेवा.

नोकरी जाईल ही भीती मी समजू शकतो. दोन मुलांची शाळा आपण पत्रात लिहिलीच आहे. आपले काम नोंदी, मोजणी आणि माल देणे-घेणे असे कारकुनी स्वरूपाचे असेल, तर पदनाम काहीही असले तरी आपण कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरता, कारण न्यायालये पदनामाऐवजी प्रत्यक्ष काम पाहतात. अशा वेळी या पत्रापायी कामावरून काढले गेल्यास त्याला कामगार यंत्रणेपुढे आव्हान देता येते, आणि तेव्हा आधीच्या तारखेचे, पोच असलेले आपले पत्र हाच मुख्य पुरावा असतो. म्हणून ते मालकांच्या पत्राला उत्तर देण्याच्या मुदतीआधीच पोचले पाहिजे. सहीचा आग्रह झाल्यास ‘माझे दिनांक अमुकचे पत्र पाहावे’ एवढेच लिहून मूळ मसुदा परत करा आणि त्या मसुद्याची छायाप्रत स्वतःजवळ ठेवा.