पीसीएसके-९ हे एन्झाइम नेमकं काय करतं, आणि औषधाने ते दाबलं तर धोका नाही का?

आमच्या घरात त्याआधीच्या प्रश्नाचं, म्हणजे माणसं तरुणपणी हृदयविकाराने का जातात याचं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं: खोबरं.

दादा २००९ मध्ये गेला, वय ४१. अंगाने काटकुळा, ना विडी ना दारू, रोज पहाटे फोंड्याहून कवळ्यापर्यंत सायकल. बाबाही असेच ४६व्या वर्षी गेले होते. दादाच्या बाराव्याला काकांनी चारचौघांत आईला सुनावलं, "वहिनी, तुमच्या नारळाच्या हुमणानेच दोघे गेले." आईने दुसऱ्या दिवशी रगडा परसात नेऊन ठेवला. पुढे दोन वर्षं आमची सोलकढी म्हणजे नुसतं आमसुलाचं पाणी.

पायांकडे कोणीच पाहिलं नाही. दादाची टाचेमागची शीर (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) बोटाएवढी जाड आणि गाठाळ होती. चपलेचा मागचा पट्टा घासायचा म्हणून चांभाराकडून कापून घेतलेला. बाबांचीही तशीच. आम्ही "घराण्याची टाच" म्हणून हसायचो. ते साठलेलं कोलेस्टेरॉल होतं. माझं एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, २८० आलं तेव्हा डॉक्टरांनी आधी मोजे काढायला लावले, तेव्हा कळलं.

आता तुमचं. यकृताच्या पेशीवरचा रिसेप्टर (पकडणारं प्रथिन) रक्तातलं एलडीएल उचलतो, आत सोडतो, पुन्हा वर येतो. अशा शंभराहून जास्त फेऱ्या. पीसीएसके-९ चिकटलं की तो परतत नाही, पेशीतच नष्ट होतो. गंमत म्हणजे हे कुळाने प्रथिनं कापणारं एन्झाइम, पण कापतं फक्त स्वतःला. रिसेप्टरला नुसतं धरून ठेवतं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या चढ्या कोलेस्टेरॉलच्या काही कुटुंबांत त्याचा जादा जोर करणारा प्रकार सापडला. उलट अमेरिकेत ज्या कृष्णवर्णीयांत त्याच्या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी होती, त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी दिसला (२००६). दोन्ही प्रती निकामी असलेली ३२ वर्षांची एक बाई तर ठणठणीत सापडली, एलडीएल १४. धोक्याचं यातून काय ते समजा.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी नेहमीची गोळी, घेतली की शरीर पीसीएसके-९ वाढवतं, म्हणून काहींना गोळी पुरत नाही. मग इंजेक्शन: काही दर दोन आठवड्यांनी, इन्क्लिसिरान असेल तर पहिल्या दोन डोसांनंतर सहा-सहा महिन्यांनी. महाग आहे. मी घेतो.

हो, एक राहिलं. आमच्या घरचा दोष पीसीएसके-९ मध्ये नाहीच, रिसेप्टरच्या जनुकात आहे. बहुतेक घराण्यांत तोच निघतो. दुसरी प्रत चांगली असल्यामुळे औषध तरीही लागू पडतं. आणि खोबऱ्याने एलडीएल वाढतं हेही खरं, पण २८० पर्यंत नेण्याची त्याची ताकद नाही. घरात कोणी तरुणपणी गेलं असेल तर स्वयंपाकघरात शिरू नका, भावंडांचं आणि मुलांचं रक्त तपासा. प्रत्येकाला निम्मी शक्यता असते.

गेल्या चवथीला काका आले. पायरीवर बसून बूट काढताना त्यांची टाच दिसली. म्हटलं, "काका, एलडीएल करून घ्या, आणि तुमच्या बाबलोचंही. तो ३९चा झाला."

म्हणाले, "आम्हांला कसलं? आमच्याकडे तेव्हापासून नारळ फोडत नाहीत."